पंख्याखाली बसून लिहिणाऱ्याचं उत्तर

कुळागरकार,

माझ्या बुरश्यांवरच्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. नाव दिलेलं नाहीत, म्हणून टोपणनावानंच बोलावतो. माझं म्हणणं एवढंच होतं की झाडाच्या पानात, देठात मुकाट राहणाऱ्या सगळ्याच बुरश्या शत्रू नसतात. दिसेल त्यावर बुरशीनाशक मारत सुटू नका. त्यावर तुम्ही तीन-चार मुद्दे लिहिलेत आणि शेवटी हे वाक्य: ‘पणजीच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून आम्हाला कुळागर शिकवू नका.’ (कुळागर म्हणजे गोव्यातली पोफळीची बाग, हे बाकीच्या वाचकांसाठी.)

आधी चूक कबूल करतो. सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगाला मी बुरशी म्हटलं. तो रोग आणणारी फायटोफ्थोरा काटेकोरपणे बुरशी नव्हे, तपकिरी शेवाळांच्या गोतातली. दुरुस्ती केली आहे. देव बरें करूं.

आता तो पंखा. माझं आजोळ सत्तरीतलं. पावसाच्या तोंडावर मागच्या अंगणात बोर्डोचं, म्हणजे पोफळीवर फवारायच्या औषधाचं, पिंप मांडलं जायचं. मोरचूद एकीकडे, चुना दुसरीकडे, मग दोन्ही एकत्र, आणि ढवळता ढवळता तो निळा रंग. आजोबा त्यात लोखंडी कोयती बुडवून धरत. पात्यावर तांब्याची लाली चढली की म्हणत, “चुनो उणो पडलो.” तसल्या निळ्या हातांनी जेवायला बसलो म्हणून आजीचा मारही खाल्लाय. पोफळीवर मी कधी चढलो नाही, हे खरं. खाली नळी धरून उभा राहायचो, आणि वरून गळणारं सगळं डोक्यावर घ्यायचो. तेव्हा कुठला पंखा होता, साहेब? आणि कोळेरोगावर बोर्डो मारू नका, असं मी कुठे लिहिलंय? एक ओळ दाखवा.

‘बुरशी ती बुरशी’ म्हणता. आपला मानकुराद आंबा घ्या. कोलेटोट्रायकम नावाची बुरशी कोवळ्या कैरीतच शिरते आणि गप्प बसते. आंबा पिकायला लागला की काळे डाग. याच कोलेटोट्रायकमच्या जातभाई निरोगी पानांतही राहतात, काही न बिघडवता. भाडेकरू तोच, वागणूक वेगळी. हे मूळ लेखात तिसऱ्या परिच्छेदात आहे. तिथवर पोचला असतात तर.

लेखातल्या अमेरिकेतल्या गवतांना तुम्ही ‘गोऱ्यांची कुरणं’ म्हणून हसलात. हसा. यलोस्टोनच्या तापलेल्या जमिनीत एक गवत ६५ अंशांपर्यंत तग धरतं, ते आतल्या बुरशीच्या जोरावर. आणि २००७ मध्ये कळलं की त्या बुरशीच्याही आत एक विषाणू लागतो. तिघांतला एक काढला की बाकीचे होरपळतात. उलट टॉल फेस्क्यू गवतातली बुरशी किडीला दूर ठेवते, पण तेच गवत खाऊन गुरं आजारी पडतात, आणि १९९९ च्या एका प्रयोगात तसल्या गवताच्या वाफ्यांत इतर वनस्पतींच्या जाती कमी झाल्या. म्हणजे एका पानातलं भाडं अख्ख्या कुरणानं भरायचं. ही वाईट बाजूही मीच लिहिली होती. ‘बुरशीचा वकील’ म्हणवून घ्यायला मी काय फी घेतली?

अळमीचा, म्हणजे रानातल्या अळंबीचा, मुद्दा इथे कसा आला, कळलं नाही. रोयणीवरची (वारुळावरची) अळमी वाळवीच्या घरात पिकते, झाडाच्या आत नाही. सोडून देतो.

राहता राहिला तुमचा प्रश्न: पनामात कोकोच्या पानांत अशा बुरश्या सोडल्या, तर फायटोफ्थोराचं नुकसान कमी झालं, त्याचा आमच्या सुपारीला काय उपयोग? प्रश्न चांगला आहे. पण ज्या सुरात विचारलात त्या सुरात उत्तर मिळत नसतं. सवडीनं लिहीन.

ता.क. मी पणजीत राहतच नाही. ताळगावात राहतो. पंखा आहे.