‘जुनी सिस्टिम अजून चालूच’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक तारा पाहिला, खालचा मजकूरही नीट वाचला. तक्रारी तीन आहेत. तुमची कंपनी मूळ कंपनीतून वेगळी होऊन वर्ष उलटलं तरी जुनी सॅप (हिशेब आणि खरेदी सांभाळणारी संगणक प्रणाली) चालूच आहे, तिचं निम्मं भाडं दर महिन्याला तुमच्या माथी येतं, आणि मागितलेला ‘सगळा डेटा’ आम्ही दिला नाही. शेवटी विचारलंय, ‘एक स्विच काढायला एवढे पैसे?’ अशाच कामासाठी, म्हणजे वेगळ्या झालेल्या कंपन्यांच्या सिस्टिम वेगळ्या करायला, माणसं शोधणारे बाकीचे फायनान्सवालेही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. करारात गोपनीयतेची अट आहे. कंपन्यांची नावं आणि रकमा इथे येणार नाहीत.

आधी स्विच. एनसीएलटीचा, म्हणजे कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा, आदेश आला की कागदावर दोन कंपन्या होतात. सॅपमध्ये आपोआप काहीच होत नाही. तुमचा विभाग आणि मूळ कंपनी वर्षानुवर्षं एकाच व्हेंडर मास्टरवर (पुरवठादारांच्या यादीवर), एकाच मटेरियल कोडवर (मालाच्या क्रमांकांवर) चालत होते. बेअरिंग पुरवणारा एकच, त्याचं खातं एकच, आणि त्या खात्यात दोघांच्याही अर्धवट नोंदी: माल आला पण बिल नाही, बिल आलं पण माल रिजेक्ट झाला. त्यात अपॉइंटेड डेट, म्हणजे ज्या तारखेपासून विभाजन लागू धरायचं ती, आधीची, आदेश अमलात आला नंतर. मधल्या काळात तुमचा धंदा मूळ कंपनीने तुमच्या वतीने, पण स्वतःच्या जीएसटी क्रमांकावर चालवला. त्यातली प्रत्येक उघडी नोंद कोणाची, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. खरेदी विभागातली माणसं सांगतात, तीही फाईल काढून. भावाभावांच्या वाटणीत ज्वारीची पोती मोजून देता येतात, विहिरीची मात्र पाळीच लावावी लागते. तुमचा ट्रान्झिशनल सर्व्हिसेस करार म्हणजे ती पाळी होती. मूळ कंपनीने ठरलेल्या मुदतीपर्यंत पैसे घेऊन तुम्हाला त्याच सर्व्हरवर राहू दिलं. ती मुदत संपायच्या आत तुमची नवी सिस्टिम उभी राहिली आणि एकही डिस्पॅच अडला नाही. रिव्ह्यूत हे राहून गेलं.

बरं, सगळ्यांची लॉगिनं बंद केल्यावर तरी सर्व्हर का नाही काढला? कारण लॉगमध्ये एक आयडी रोज रात्री दोनच्या सुमाराला आत शिरताना दिसत होता. माणसाचा नव्हता. आयटीच्या यादीत नाही, कोणती सिस्टिम कोणाशी जोडली आहे त्या इंटरफेसच्या नकाशात नाही. शोधत शोधत गेटवर पोचलो, तेव्हा वजनकाट्याचा संगणक निघाला. काटा बसवणाऱ्याने कधीतरी जुन्या सॅपमधून पुरवठादारांची यादी ओढणारा एक जॉब लावून ठेवला होता. काट्यावरच्या ऑपरेटरला एवढंच ठाऊक, की ‘सकाळी यादी आपोआप येते’. त्या आठवड्यात स्विच काढला असता तर नव्या पुरवठादाराची गाडी काट्यावर उभी राहिली असती आणि दोष नव्या सिस्टिमला गेला असता. आम्ही बंद करण्याआधी नुसतं बघत बसतो असं लोकांना वाटतं, ते यासाठी. महिनाअखेर, तिमाही आणि वर्षअखेर जाऊ दिल्याशिवाय कोण गुपचूप पाणी ओढतंय ते कळत नाही. काही रिपोर्ट वर्षातून एकदाच चालतात.

पहिल्या बैठकीत तुमच्याकडून ‘एका वीकएंडला सगळं उडवा’ असा आग्रह होता. तेव्हा मी ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं उदाहरण दिलं होतं, इथेही देतो. ही बँक लॉइड्सपासून वेगळी झाली, पण पुढची काही वर्षं लॉइड्सच्याच सिस्टिमवर भाड्याने राहिली. 2015 मध्ये स्पेनच्या साबादेलने ती घेतली आणि एप्रिल 2018 मध्ये 50 लाखांहून अधिक ग्राहक एका झटक्यात नव्या प्लॅटफॉर्मवर नेले. डेटा व्यवस्थित पोचला, प्लॅटफॉर्म कोसळला. सुमारे 19 लाख लोकांना खाती उघडेनात आणि गाडं रुळावर यायला डिसेंबर उजाडला. नंतरच्या चौकशीत निघालं, की दोन डेटा सेंटरपैकी लोड टेस्टिंग (एकदम गर्दी झाली तर तग धरेल का याची चाचणी) एकाचंच झालं होतं. नियामकांनी 2022 मध्ये 4 कोटी 86 लाख पौंडांचा दंड केला आणि पुढच्या वर्षी बँकेच्या आयटी प्रमुखांना वैयक्तिक दंडही झाला. तुमची कंपनी बँक नाही, हे मान्य. पण तारीख आधी ठरवायची आणि तयारी तिच्यात कोंबायची, हा हट्ट सगळीकडे सारखाच असतो.

आता भाडं. जुना सर्व्हर आज फक्त वाचण्यापुरता चालू आहे. नवी नोंद होत नाही, मोजक्याच लोकांना प्रवेश आहे. भाडं डेटा सेंटरचं आहे, आम्ही त्यावर एक रुपया लावत नाही. बिलं तुमच्याकडे थेटच येतात, पाहून घ्या. तो चालू का, तर कंपनी कायद्याच्या कलम 128 नुसार मागच्या 8 आर्थिक वर्षांची हिशेबपुस्तकं जपावी लागतात. नियम असाही आहे, की इलेक्ट्रॉनिक पुस्तकं भारतात केव्हाही उघडून पाहता आली पाहिजेत आणि रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर हवा. 1 एप्रिल 2023 पासून एडिट लॉगही त्यात आला, म्हणजे कोणी कोणती नोंद केव्हा बदलली तेही दाखवता आलं पाहिजे. ऑडिटरला अहवालात त्याबद्दल लिहावं लागतं. जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवायचे. अपील चालू असेल तर निकालानंतर आणखी वर्षभर, यांतलं जे उशिरा येईल ते. तुमच्या विभागाचे जीएसटीचे वाद विभाजनाच्या योजनेनुसार तुमच्याकडेच आले आहेत. उद्या अधिकाऱ्याने पाच वर्षांपूर्वीचं एखादं व्हाउचर मागितलं, तर एक्सेलची एक ओळ दाखवून भागणार नाही. मूळ बिलाची प्रत, मंजुरी कोणाची, पेमेंट कोणतं, ही साखळी लागते.

सर्व्हर काढूनही ही साखळी टिकवता येते. सगळं अर्काइव्हमध्ये (जुन्या नोंदींच्या वेगळ्या साठ्यात) काढायचं, शोधायला साधा स्क्रीन द्यायचा आणि जुनं हार्डवेअर मोडीत घालायचं. तो प्रस्ताव गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टिम चालू होण्याच्या, आधीच दिला होता. ‘पुढच्या बजेटमध्ये बघू’ हा निर्णय तुमचा. चुकीचा होता असं मी म्हणत नाही, त्या वर्षी खर्च खूप होता. पण मग त्या निर्णयाचं भाडं आमच्या नावावर नको.

डेटाबद्दल मात्र मी ठाम आहे. तुमच्या विभागाचं होतं ते सगळं दिलंय आणि ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता) वर्षवार जुळवून दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्यात. दिलं नाही ते असं: मूळ कंपनीत राहिलेल्या कर्मचाऱ्यांचे पगार, तिच्या दुसऱ्या विभागांच्या ग्राहकांचे दर आणि सामायिक पुरवठादारांशी तिने केलेले सवलतीचे करार. आज तुम्ही दोघं बाजारात एकमेकांसमोर उभे आहात. त्यांनी तुमचे दर मागितले असते तर त्यांनाही हेच उत्तर मिळालं असतं.

अर्काइव्हचं सुधारित कोटेशन याच आठवड्यात तुमच्या कार्यालयात पाठवतोय. काम झालं की चाचणी तुमच्या ऑडिटरनेच घ्यावी. त्यांनी हवी ती जुनी व्हाउचरं सांगावीत, आम्ही ती समोर बसून अर्काइव्हमधून काढून दाखवू. त्यांची, तुमच्या कायदा विभागाची आणि मूळ कंपनीची लेखी संमती आली की सर्व्हर पुसल्याचं प्रमाणपत्र दोघांनाही देतो आणि त्याच महिन्यापासून भाडं बंद होईल. मूळ कंपनीची संमती मिळवायला वेळ लागतो, तेव्हा ती मागणारं पत्र आजच टाकलंत तर बरं.