रिव्ह्यूला उत्तर: पाणी चुकलं ते कॅलेंडरमुळं नाही

नमस्कार सर. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू रात्री साडेअकराला वाचला, मग झोप काही आली नाही. आधी माफी मागते, मनापासून. दुसऱ्या रविवारी क्लास वीस मिनिटं उशिरा सुरू झाला हे खरं आहे. सोलापूरच्या गड्डा यात्रेचे दिवस, होम मैदानाकडची गर्दी, नऊ जणांतले पाच जण त्यातच अडकलेले, बाकीचेच म्हणाले मॅडम थांबू या की जरा. शेवटी तेवढीच वीस मिनिटं जास्त घेतली, ते तुम्ही लिहिलं नाही. "कॅलेंडर शिकवणारी बाईच वेळेवर नसते" हे मात्र बरोब्बर लिहिलंत. मी साडेदहापासून वर प्रोजेक्टर लावून बसले होते सर. असो.

बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून सांगते, सरांची तक्रार अशी की तीन रविवारचे १२०० रुपये घेऊन आम्ही फुकटची ॲप शिकवली, पाण्याचा रिमाइंडर चुकीच्या दिवशी वाजला, टाकी रिकामी राहिली, टँकर मागवावा लागला, आणि घरातली गोष्ट कारखान्यातल्या पोरांना कळली.

फुकट आहेत हे मी लपवलंय कधी? पहिल्या पाच मिनिटांत फळ्यावर लिहिते. गूगलचं कॅलेंडर, टिपणांचं कीप, कामांच्या यादीचं टास्क, तक्त्यांचं शीट, सगळं एका जीमेलवर चालतं, १५ जीबी जागा मिळते ती मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून, आपल्यासारख्यांना बास होते, उगाच महिन्याचे प्लॅन घेत बसू नका, हे सांगणारी पण मीच. तवा सगळ्यांच्याच घरात असतो ओ, म्हणून कडक भाकरी सगळ्यांना जमते का?

आता पाण्याचं. हे मला जास्त लागलंय म्हणून नीट सांगते, लांबलं तर लांबू दे. आपल्याकडं पाणी चार दिवसाआड. चार दिवसाआड म्हणजे पाचव्या दिवशी. तुम्ही कॅलेंडरच्या रिपीटमध्ये, म्हणजे दर किती दिवसांनी वाजायचं तिथं, ४ टाकलं होतं, मी तुमच्या बाकाजवळ येऊन ५ केलं, आठवतंय का? तुम्ही हसून म्हणालात, बायको पण हेच सांगत होती. तिथपर्यंत सगळं बरोबर. मग मधे एकदा पाण्याचं रोटेशन एक दिवस पुढं गेलं. अशा वेळी ती एंट्री उचलून दुसऱ्या दिवसावर ठेवली की कॅलेंडर विचारतं, फक्त हाच इव्हेंट हलवू की हा आणि ह्याच्या पुढचे सगळे? तुम्ही 'फक्त हाच' दाबलं. म्हणजे तेवढा एक दिवस सरकला आणि पुढचे सगळे वार जुन्याच जागी राहिले. पुढच्या वेळी रिमाइंडर एक दिवस आधी वाजला, तुम्ही पहाटे पाचला उठून नळ सोडून बसलात, पाणी आलं नाही, वैतागून झोपलात, आणि खरं पाणी दुसऱ्या दिवशी येऊन गेलं तेव्हा फोन गप्प. हे मी अंदाजानं म्हणत नाही, तुम्हीच फोनवर स्क्रीनशॉट पाठवला होतात त्यात स्वच्छ दिसतंय.

आणि हे शिकवलं नाही असं नाही. दुसऱ्या रविवारी पावणेबाराला हेच चाललं होतं, पाण्याचंच उदाहरण घेऊन, कारण सोलापुरात दुसरं कुठलं उदाहरण लोकांना इतकं लवकर पटतं? तेव्हा तुम्ही गॅलरीत सुताच्या पार्टीशी दराचं बोलत होतात. हजेरीच्या शीटमध्ये माझ्याकडं नोंद आहे, ११.४० ला बाहेर, १२.२५ ला आत. धंदा आहे, फोन येणारच, मी एका शब्दानं टोकलं नाही. पण मग टँकरचे पैसे क्लासच्या नावावर टाकू नका ना सर.

पोरांना कळलं ते चुकलं. मुलासाठी स्थळ बघायला पंढरपूरला जायची एंट्री तुम्ही पोरांना दिसणाऱ्या कारखान्याच्याच कॅलेंडरमध्ये टाकलीत आणि सोमवारी सगळी पोरं पेढे मागायला उभी, हे तुम्हीच लिहिलंय म्हणून बोलते. घरचं वेगळं कॅलेंडर, कारखान्याचं वेगळं, आणि दुसऱ्याला आपण फक्त बिझी आहोत की मोकळे एवढंच दाखवायचं सेटिंग, हे मी शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं. त्याबद्दल सॉरी. पुढच्या बॅचला शेअरिंगला जास्त वेळ देणार आहे, बघते कसं बसवायचं ते.

तिसऱ्या रविवारचं मात्र रिव्ह्यूत अक्षर नाही. ट्रेलोवर, म्हणजे काम कुठवर आलं ते कार्डांवर दाखवणाऱ्या ॲपवर, तुमच्या टॉवेलच्या ऑर्डरचा बोर्ड आपण दोघांनी मिळून केला, सूत आलं, लूमवर, प्रोसेसला, शिलाई, पॅकिंग. एकेक ऑर्डरचं कार्ड इकडून तिकडं सरकवत तुम्ही म्हणालात, मॅडम, आता पोराला दहा वेळा कुठवर आलं विचारायला नको. घरी जाऊन मिस्टरांना सांगितलं होतं मी हे, इतकं बरं वाटलं होतं. तो बोर्ड अजून चालू आहे ना? चालू असणार.

माझे सगळे मिळून २७ रिव्ह्यू आहेत आणि एक स्टार तुमचा पहिला. ह्या आठवड्यात चौकशीला दोन फोन आले, दोघांनी आधी टँकरचंच विचारलं. जागेचं भाडं, लाइटबिल ह्याच क्लासवर निघतं, म्हणून एवढं लिहिलं, राग मानू नका.

कुठल्याही दिवशी संध्याकाळी सहानंतर या, पाण्याचे सगळे वार नीट लावून देते, घरचं कॅलेंडर वेगळं करून देते. पोरानं जी डिलिव्हरीची एंट्री उडवली म्हणालात ती कॉम्प्युटरवर कॅलेंडर उघडलं की ट्रॅशमध्ये ३० दिवस असते, तेवढ्यात आलात तर ती पण परत काढता येईल. आणि तुम्ही १२०० लिहिलंय, पण तुमचे १००० च जमा आहेत, शीटमध्ये २०० बाकी दिसतायत. ते आणले नाहीत तरी चालेल, फोन तेवढा चार्ज करून आणा.