'बाळ मुद्दाम करतं' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच मेसेज मला सोसायटीच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला आणि माहेरच्यांनीही पाठवला. मथळा 'वळण पाळण्यातच लावा'. मजकूर थोडक्यात असा: आठ महिन्यांच्या बाळाला 'नाही' कळतं, कळूनही केलं तर ते मुद्दाम. आईकडे बघून हसत तेच पुन्हा करणं म्हणजे आव्हान. हातावर हलकी चापटी तीनदा द्या, चौथ्यांदा हात जाणार नाही. घरातल्या वस्तू उचलून ठेवू नका, मुलालाच शिकू द्या. आमच्या पिढीनं मार खाल्ला, आमचं काय बिघडलं? आपल्या शास्त्रातही 'ताडयेत्' म्हणजे 'मारावं' असं सांगितलंय. आणि तीन वर्षांनंतर वेळ निघून गेलेली असते.

मी पुण्यात कर्वेनगरला बावीस वर्षं पाळणाघर चालवते. माझ्याकडे सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुलं असतात. मेसेज पुसून मी गप्प बसले असते. पण परवा एक आई दहा महिन्यांच्या लेकाला सोडायला आली. दारातल्या तुळशीच्या कुंडीतली माती त्यानं मुठीत धरली, तशी तिनं त्याच्या हातावर चापट मारली. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाली, "काकू, ही दुसरी वेळ. तिसऱ्यांदा कळेल ना त्याला?" तिचा तो हिशेब ऐकून माझ्या पोटात कालवलं.

पहिलं विधान अर्धं खरं आहे. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला आपला सूर कळतो, वर्षाच्या आसपास शब्दही कळू लागतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २०२२ मध्ये मुलांच्या विकासटप्प्यांची सुधारित यादी काढली. तिच्यात एक वर्षाच्या मुलाबद्दल म्हटलंय की 'नाही' म्हटल्यावर ते क्षणभर थबकतं किंवा थांबतं. बस, एवढंच. उद्या कुणी जवळ नसताना ते आपणहून हात मागे घेईल, असं त्यात कुठंही नाही. कळणं वेगळं आणि स्वतःला आवरणं वेगळं. आवरण्याचं काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे असतं आणि तो भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. मनाई केलेल्या गोष्टीचा मोह टाळणं मुलांना साधारण साडेतीन-चार वर्षांच्या पुढे जमू लागतं. झीरो टू थ्री या अमेरिकी संस्थेनं २०१६ मध्ये तिथल्या पालकांना विचारलं, तर ५६ टक्के पालकांना वाटत होतं की हे तीन वर्षांच्या आतच जमतं. तेव्हा गैरसमज फक्त आपल्याकडचा नाही. पण मार खाणारा हात ज्या त्या घरातल्या बाळाचाच असतो.

आता ते 'आईकडे बघून हसतं म्हणजे आव्हान देतं'. या वाक्यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं, कारण ते वाचलेल्या आईला बाळाचा चेहराच वेगळा दिसायला लागतो. १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वर्षाच्या बाळांना एका काचेच्या पृष्ठभागावर ठेवलं. काच सपाट आणि पक्की, पण खाली फूटभर खोल खड्डा असल्याचं दिसत होतं. पलीकडे आई. बाळ कडेपर्यंत रांगत यायचं, थांबायचं आणि आईच्या तोंडाकडे बघायचं. आईनं आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं पार गेली. आईनं घाबरल्याचा चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. कुणी ओरडलं नाही की मारलं नाही. बाळ बघतं ते विचारायला बघतं.

आणि आपण उत्तर काय देतो? समईकडे हात गेला की आई म्हणते "नाही हं", आजी म्हणते "बघा, कसा लबाड आहे", आजोबा हसत मोबाईलवर व्हिडिओ काढतात. एका घरात तीन चेहरे. ते पुन्हा हात लावून पुन्हा बघणारच, कारण त्याला उत्तर मिळालेलंच नाही. माझ्याकडे मदतीला असलेल्या मावशींना पहिल्याच दिवशी मी सांगते की नाही म्हणताना हसायचं नाही आणि रागवायचंही नाही. चेहरा आणि शब्द एक हवेत. दुसरं सांगते ते आपल्या भाषेबद्दल. मराठीत 'नको' वाक्याच्या शेवटी येतं. 'पळू नको' म्हणेपर्यंत मुलानं 'पळू' ऐकलेलं असतं आणि पाय निघालेले असतात. म्हणून आधी 'थांब', मग काय करायचं ते. 'थांब. हळू चाल.' दीड वर्षाच्या मुलांत याचा फरक मी रोज बघते.

चापटीचं काय? चापटीनं मूल थांबतं, हे मी नाकारत नाही. दचकून थांबतं. पण दचकलेल्या बाळाला मातीबद्दल काही कळत नाही, हात उगारणाऱ्या माणसाबद्दल कळतं. घरी चापट्या खाणारी मुलं मला न सांगता ओळखू येतात. दीड वर्षाची मुलगी बाहुलीच्या हातावर फटका मारते आणि म्हणते, "नाई!" तिच्या लेखी 'नाही' या शब्दाचा अर्थ फटका. मग शेजारच्या मुलानं तिचा डबा ओढला की तिलाही तोच शब्द आणि तोच हात आठवतो. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पन्नास वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात १ लाख ६० हजारांहून जास्त मुलं होती आणि विषय हाच होता, उघड्या हाताचा साधा फटका. फटके खाणाऱ्या मुलांमध्ये आज्ञापालन वाढलेलं दिसलं नाही. हट्ट आणि मारकुटेपणा मात्र जास्त दिसला. अशा अभ्यासांतून प्रत्येक घरातलं कारण सिद्ध होत नाही, पण फटक्याच्या बाजूनं बोलणारं काही त्यातून निघत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये फटक्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शाळेतल्या मुलाला शारीरिक शिक्षा करायला मनाई करतं. चौथीतल्या मुलाला मारायला कायद्यानं मनाई आणि रांगत्या बाळाला मारणं वळण?

वस्तू न उचलण्याचा सल्ला तर सरळ जीवावर बेतणारा आहे. पुण्यात गुरुवारी पाणी बंद म्हटलं की बुधवारी रात्री घरोघरी बादल्या भरून ठेवतात. रांगत्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. बादलीत डोकावताना तोल गेला तर ते आत उलटं पडतं आणि स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. तिथं काही 'शिकवायचं' नसतं. बाथरूमचं दार लावायचं, कडी वर घालायची. इस्त्रीची वायर, कडेला ठेवलेली गरम आमटी, गॅलरीतलं स्टूल, सगळं हलवायचं. हे लाड नव्हेत. तीन वर्षांच्या आतली मर्यादा मोठ्यांच्या हातापायांत असते, मुलाच्या आठवणीत ती नंतर उतरते.

सगळंच उचलायचं असंही नाही. दोन-तीन गोष्टी जागेवर ठेवायच्या आणि त्या मात्र सोडायच्या नाहीत. माझ्याकडे जिन्याचं दार आहे. एक मुलगी चौदा महिन्यांची असताना आली आणि रोज त्या दाराला लटकायची. सोफ्यावरून हाक मारून उपयोग नव्हता. दर वेळी उठून जायचं, खाली बसायचं, हात सोडवायचा, "दार बंद, इकडे ये" म्हणायचं आणि तिला टोपली-चमच्यांकडे आणायचं. जून गेला, जुलै गेला. काही दिवस वीसदा उठले असेन. गणपतीच्या सुमारास ती दारापाशी गेली, हात लावला, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि ती तिथंच खाली बसली. तिला एकदाही फटका बसलेला नव्हता.

'ताडयेत्' म्हणणाऱ्यांनी सुभाषित निम्मं कापलंय. त्याची सुरुवात आहे 'लालयेत् पञ्च वर्षाणि', पहिली पाच वर्षं लाडाची. ताडन त्याच्या पुढचं, आणि तेही मला मान्य नाही. पण मेसेज तर आठ महिन्यांच्या बाळाबद्दल आहे! न मारता शिकवणं पाश्चात्य खूळ आहे म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या मोरगावी जन्मलेल्या अनुताई वाघांचं काम आठवावं. ताराबाई मोडकांबरोबर बोर्डी-कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवल्या, त्या छडीवर नव्हे. राहिला 'आमचं काय बिघडलं' हा प्रश्न. पेठांतल्या वाड्यांत रांगतं मूल चुलीकडे निघालं की आत्या, आजी, शेजारीण, कुणीतरी उचलायचं. तुम्हाला सांभाळलं ते त्या हातांनी. आठवणीत मात्र फटका राहिला.

तीन वर्षांनंतर वेळ जाते, हेही खोटं. स्वतःला आवरण्याची खरी सुरुवातच तेव्हा होते.

त्या आईशी काल संध्याकाळी बोलले. म्हटलं, "अगं, हिशेब सोड. घरी समई वर उचल, बादली पालथी घाल. तुळशीची कुंडी राहू दे. तो मातीकडे गेला की त्याच्याजवळ जाऊन बस, मूठ उघड, माती कुंडीत टाक आणि त्या हातात वाटी दे." तिनं विचारलं, "किती दिवस, काकू?" मी म्हटलं, "बरेच." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग बाळाचा हात धरून तुळशीपाशी उकिडवी बसली.