ऑफिस चालेल, सिमेंट नको

गुहागरच्या आमच्या जुन्या चिरेबंदी घरात पुण्याच्या एका कंपनीला ऑफिस थाटायचंय, आणि फॅमिली ग्रुपवर दोन तट पडलेत. अण्णाकाका म्हणतात, देवघर असलेल्या वास्तूत कसली ऑफिसं! चुलतभाऊ म्हणतो, बंद घर वाळवी खाते, त्यापेक्षा भाडं येऊ दे. मी एडिंबरात राहतो, तेव्हा 'तिकडे बघा कसं जपतात' हे प्रवचन माझ्याकडून अपेक्षित असणार. पण तिकडेही माती खाल्लेली आहे.

इथल्या न्यू टाउनमधली दगडी घरं श्रीमंतांच्या बिऱ्हाडांसाठी बांधली. शार्लट स्क्वेअरचा आराखडा रॉबर्ट ॲडमने १७९१ साली केला. पुढे अशा घरांत वकील आणि बँकवाले शिरले, दिवाणखान्यात मीटिंगा भरू लागल्या. त्यातली बरीच घरं आता पुन्हा राहती झालीत. ऑफिसला टेबलं मांडायला खोल्या लागतात, खोलीगणिक न्हाणीघर लागत नाही. म्हणून होमस्टेवाल्यापेक्षा मला ऑफिसवाला परवडतो.

घात झाला तो डागडुजीत. विसाव्या शतकात चुन्याचे सांधे खरवडून त्यात सिमेंट भरलं. दगडात मुरलेलं पाणी पूर्वी चुन्यातून सुकून जायचं, ते आतच कोंडलं आणि वालुकाश्माचे पापुद्रे सुटायला लागले.

आपला जांभा तर अंगभर छिद्रांचा. चार महिने पाऊस पितो आणि उघडीप मिळाली की चुन्याच्या गिलाव्यातून सोडतो. कंपनीच्या नकाशात मात्र भिंतींना सिमेंट, पुट्टी, वर ऑइलपेंट आणि कौलांखाली फॉल्स सीलिंग. आज कौल सरकलं की माजघरात थेंब पडतो आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी शिडी लावतं. सीलिंग झाल्यावर गळती कळेल ती वासा कुजून खाली वाकल्यावर. शिवाय एसीची गार हवा निसटू नये म्हणून कौलांच्या फटी बुजवणार, म्हणजे माळ्यावरची वाफ कायमची मुक्कामाला. (पंख्यावर भागत नाही का, हे विचारलं तर मी मागासलेला.)

इथे सरकारी वारसा यादीतल्या घराचं रूप पालटायचं तर आतल्या कामालाही परवानगी लागते, आणि खर्च मालकाच्याच बोडक्यावर. त्यावरून लोक मनसोक्त कुरकुरतात. आपल्याकडे मुंबईला १९९५ साली हेरिटेज नियमावली मिळाली. गुहागरच्या आमच्या घराला मात्र आधार एकच, भाडेकरार. मग तो तरी नीट लिहा. भिंतीला चुनाच. पार्टिशन लाकडी, चिऱ्याला भोक न पाडता उभं केलेलं, जाताना उचलून नेता येईल असं. सीलिंग नाही. देवघर करारातून वगळा, किल्ली अण्णाकाकांकडे.

आणि मिरगाच्या आधी पश्चिमेच्या पडवीला झापं कोण बांधणार, मजुरी कोण देणार, हे सहीच्या आधी ठरवा. दादा, तू तिथे आहेस. पावसाची झड भिंतीवर थेट बसली तर पुढचं सगळं बोलणं फुकट.