३७ नव्हे, १०० : चूक माझीच

डोसाच्या एककांच्या माझ्या तक्त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थायरॉइड कॅन्सरच्या रिपोर्टांत आणि शोधनिबंधांत किरणोत्सारी आयोडीनच्या डोसाची एककं तपासत बसणं हा नुसता कीस आहे, डोस काय मोजूनच देतात, असं तुमचं म्हणणं. वर, मीच '३.७ गिगाबेक्वेरेल म्हणजे ३७ मिलिक्युरी' असं लिहिलंय, हा टोला.

टोल्यापुढे माझी बोलती बंद. क्युरी आणि बेक्वेरेल ही दोन्ही किरणोत्सार मोजायची एककं; एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. एक मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेक्वेरेल (मेगा म्हणजे दहा लाख), आणि ३.७ गिगाबेक्वेरेल म्हणजे ३७०० मेगाबेक्वेरेल. ३७०० भागिले ३७, उत्तर १००. मी भाजकच उत्तर म्हणून लिहून टाकला. आता दुरुस्त केलंय.

पण ही चूक माझ्या नजरेतून का सुटली, ते बघा. ऑपरेशननंतर उरलेलं थायरॉइड जाळायला ३० मिलिक्युरी देतात, तसे १००ही देतात. त्या शेजारात ३७ सहज खपून जातं. मेगाबेक्वेरेलच्या जागी मिलिबेक्वेरेल (बेक्वेरेलचा हजारावा भाग) छापलं, तर ३७०० म्हणजे सेकंदाला चार अणूसुद्धा फुटत नाहीत. आपल्या अंगातल्या पोटॅशियमचेच सेकंदाला चार हजारांच्या आसपास फुटतात. असली चूक हसून सोडता येते. '१०० मिलिक्युरी'चं '१०० मेगाबेक्वेरेल' झालं की मात्र ते होतं जेमतेम २.७ मिलिक्युरी, म्हणजे स्कॅनपुरतं. वाचणाऱ्याला वाटणार, उपचार झालेलाच नाही.

कॅप्सूल मोजूनच देतात, हे कबूल. पण आजार उलटला आणि रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, की त्यांच्या हातात कॅप्सूल नसते, जुना कागद असतो. त्यावरून ते आधीच्या डोसांची बेरीज मांडतात. ती ६०० मिलिक्युरीच्या, म्हणजे साधारण २२ गिगाबेक्वेरेलच्या पुढे चालली असेल, तर पुढचा डोस देताना हात आखडता घेतात. बेरजेतला एक आकडा चुकीच्या एककात असेल तर?

'ग्रे म्हणा की बेक्वेरेल, शेवटी रेडिएशनच' हे तुमचं वाक्य मात्र मला पटलं नाही. बेक्वेरेल सांगतं की कॅप्सूलमध्ये सेकंदाला किती अणू फुटतात. ग्रे सांगतो की एक किलो ऊतीत किती ऊर्जा मुरली. तीच कॅप्सूल दोघांनी गिळली तरी कोणाच्या गाठीनं किती आयोडीन ओढलं, किती दिवस धरून ठेवलं, यावर ग्रे बदलतो. ठरावीक गुणक नाहीच.

आणि हो, आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, तेव्हा आकड्याशेजारी मोजल्याची तारीख-वेळही लागते. माझ्या तक्त्यात ती नव्हती. ही चूक तुमच्याही नजरेतून सुटली!