काँक्रीट आलंय, गाडी काढा!

पूर्वी स्लॅबच्या दिवशी घरमालकाला मान असे. मिक्सरला हार घालायचा, नारळ फोडायचा आणि मांडवाखाली खुर्ची टाकून वर चढणारी घमेली बघत बसायचं. माल दारातच कालवला जायचा. चहा आला की मिक्सर बंद, मिस्त्रीला तंबाखूची तलफ आली की मिक्सर बंद. सिमेंट, वाळू, खडीचं एक-दीड-तीन हे प्रमाण तोंडाने म्हणायचं, फावडं मात्र त्याच्या मर्जीने चालायचं. संध्याकाळी सगळ्यांना जिलेबी.

आमचा स्लॅब रेडिमिक्सने, म्हणजे प्लँटवर कालवून गाडीतून येणाऱ्या तयार काँक्रीटने, भरायचा ठरला. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "एम-25 ताकदीचं सांगितलंय. प्लँटवर खडी, वाळू, सिमेंट सगळं वजनावर पडतं. तुम्ही फक्त रस्ता मोकळा ठेवा." सांगलीतल्या आमच्या गल्लीत रस्ता मोकळा ठेवायचा! त्यापेक्षा कृष्णेला 'यंदा जरा बेतानं ये' असं सांगणं सोपं.

माल लागणार होता अठरा घनमीटर, म्हणजे तीन गाड्या. मिस्त्रीचा घनमीटरवर विश्वास नव्हता. त्याने मनाशी ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापात, हिशेब केला आणि "हां, सहाच्या वर जातंय" म्हणून परवानगी दिली.

रेडिमिक्सची गाडी म्हणजे मुलाकडची मंडळी. ती वेळेवर येतात, तयारी मात्र आपली झालेली नसते आणि थांबायला त्यांना अजिबात सवड नसते. प्लँटवर पाणी पडलं की घड्याळ सुरू. साधारण दोन तासांत माल उतरलाच पाहिजे. पहिली गाडी गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा त्यातला पाऊण तास चौकातच संपला होता. आणि तोंडाशीच शेजारच्या काकांची मोटार उभी. त्यांच्या गेटाला उतार नाही, म्हणून मोटार कायम गल्लीत. काका मिरजेला, किल्ली काकांच्या खिशात.

मागे पंधरा टनांच्या आसपास काँक्रीट गरगर फिरतंय, ड्रायव्हर शांतपणे मोबाइल बघतोय, साहेब चलनावरची वेळ पुन्हा पुन्हा वाचतायत. शेवटी सेंट्रिंगच्या पोरांनी मोटार अक्षरशः उचलून बाजूला सरकवली. मग केबलच्या वायरी बांबूने वर धरून गाडी आत घेतली. ड्रेनेजच्या झाकणावरून चाक गेलं तेव्हा सगळ्या गल्लीने श्वास रोखला. झाकण टिकलं. ते कुणी भरलं होतं हे शोधून त्यालाच पुढचं काम द्यावं असं मला वाटलं.

पंपाच्या पाइपांतून आधी नुसतं सिमेंटचं पातळ पाणी सोडतात, पाइप आतून ओले व्हावेत म्हणून. ते स्लॅबमध्ये घ्यायचं नसतं. ते बाहेर ओतलेलं पाहून मिस्त्री असा हळहळला, की जणू सिमेंटची पोती त्यानेच विकत आणली होती. मग माल किती घट्ट आहे ते बघायला प्लँटच्या पोराने पत्र्याच्या शंकूत काँक्रीट ठासलं, शंकू वर उचलला आणि ढीग किती खचला ते पट्टीने मोजलं. जिन्यातून बघणाऱ्या आईला ती पिंड वाटली. तिने लांबूनच हात जोडले.

"माल लई घट्ट हाय," म्हणत एका बिगाऱ्याने पाण्याचा पाइप गाडीच्या तोंडाशी नेला आणि साहेब ओरडले. तसे ते दिवसभर ओरडत होते, पण हे ओरडणं रास्त होतं. वरून पाणी घातलं की माल पळतो छान, ताकद मात्र पाण्यात जाते. मी तो पाइप हातात घेऊन पहाऱ्याला बसलो. एवढंच काम माझ्या वाट्याला आलं.

स्लॅब भरला आणि तिसऱ्या गाडीत अर्धा घनमीटर उरला. ड्रायव्हर म्हणाला, "परत नेत नसतो आम्ही. कुठं ओतू?" ड्रम धुवायचा असल्याने तो आता घाईवर आला होता. बातमी कशी पसरली कोण जाणे! सकाळपासून धुळीबद्दल कुरकुरणाऱ्या वहिनी धुण्याच्या दगडाखालची जागा दाखवायला आल्या. कुणाला पायरी हवी, कुणाला तुळशीचा कट्टा. आणि मिरजेहून नुकतेच परतलेले काका सगळ्यांना सारून पुढे. त्यांना गेटाला उतार हवा होता. विटांच्या कडा लावून ते तयारच होते.

उतार झाला, आमच्याच मिस्त्रीने थापीने गुळगुळीत करून दिला. रात्री काकांचा फोन. "साहेबांना विचारा जरा, यावर गाडी कधी चढवायची?"

साहेब म्हणाले, "28 दिवस थांबले तर उत्तम."

"मग तोवर आहे तिथंच लावतो," काका म्हणाले. आमच्या गच्चीची पाण्याची टाकी घेऊन टेम्पो येणार होता परवा.